केडगावचं वार्तापत्र

लहान शाळेच्या वार्तापत्रात काय असतं? पुढच्या महिन्यातलं स्नेहसंमेलन, परीक्षेच्या तारखा, कुणा बाईंचं ठरलेलं लग्न, एखाद्या माजी विद्यार्थिनीला झालेलं बाळ, विहिरीला लागलेलं पाणी आणि तळाशी देणगीदारांचे आभार. परक्याला त्यात वाचण्यासारखं काही नसतं. घरच्यांना मात्र त्यातलं प्रत्येक नाव ओळखीचं असतं. दौंड तालुक्यातल्या केडगावात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असंच एक वार्तापत्र निघत असे. त्याचं नाव ‘मुक्ती प्रेअर बेल’. छापखाना संस्थेचा, छापखान्यात काम करणाऱ्या मुली संस्थेच्या आणि वाचक मात्र सातासमुद्रापलीकडचे. ज्या मुलींची खबरबात त्यातून जगभर जायची, त्यांतल्या बहुतेकींना स्वतःचं घर असं उरलेलंच नव्हतं.

पुण्याहून सोलापूरकडे निघालेली गाडी लोणी, उरुळी, यवत ओलांडून केडगावात येते आणि पुढे पाटसवरून दौंडला जाते. आज या भागात ऊस आहे, गुळाची गुऱ्हाळं आहेत. हमरस्त्यावर चौफुल्याला लावणीची कला केंद्रं आहेत, केडगाव बेटात नारायण महाराजांचं दत्तमंदिर आहे आणि गावाला लागूनच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. इतक्या थोड्या अंतरात इतक्या निरनिराळ्या वाटांनी जाणारी माणसं महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडतील. एकाच स्टेशनावर उतरून कोण कुठे वळेल, सांगता येत नाही.

रमाबाई केडगावला आल्या त्या हिशेबामुळे. पुण्याने त्यांना हाकलून लावलं आणि त्या रानात जाऊन बसल्या, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. त्यांच्या कामासाठी १८८७च्या अखेरीस बॉस्टनमध्ये ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. या संस्थेने पैशाची हमी दिली ती फक्त दहा वर्षांची. दहा वर्षं संपल्यावर मुलींनी खायचं काय? शेतीचं उत्पन्न असावं, फळबाग असावी, विहिरी असाव्यात, म्हणून रमाबाईंनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. विनाअनुदान शाळा चालवणाऱ्या आजच्या एखाद्या संस्थाचालकाला हा विचार चटकन कळेल.

तोवर त्यांची शाळा होती ‘शारदा सदन’. ती ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झाली आणि पुढच्या वर्षी पुण्यात आली. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ रोजी, तिचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. त्या काळच्या पुण्यात विधवेने शिकणं हीच मोठी बातमी होती. तिने पुन्हा लग्न करणं म्हणजे वर्तमानपत्रांना महिनाभराची बेगमी. आनंदीबाईंनी पुढे ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात सदनातले दिवस लिहिले आहेत. शारदा सदन जवळून पाहायचं असेल तर कुठल्याही इतिहासग्रंथाच्या आधी ते पुस्तक उघडावं.

त्याच १८९३ मध्ये सदनावर धर्मांतराचा आरोप झाला. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई स्वतः १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झालेल्या होत्या, ते कुणापासून लपलेलं नव्हतं. पण शाळेत मुलींवर धर्म लादायचा नाही आणि प्रार्थनेच्या वेळी स्वतःच्या खोलीचं दार उघडंच ठेवायचं, या दोन गोष्टींच्या मधली जागा पुण्याला मान्य होण्यासारखी नव्हती. ती जागा अडचणीची होतीच, असं मला वाटतं. रमाबाईंच्या बाजूने लिहिणाऱ्यांनीही तेवढं कबूल करायला हरकत नसावी. कर्व्यांनी १८९६ मध्ये आपला आश्रम काढला, त्यामागे हेही एक कारण होतं: हिंदू घरांतल्या विधवांना विश्वासाने पाठवता येईल असं ठिकाण आता उरलं नव्हतं.

मग दुष्काळ आला. १८९६-९७चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. रमाबाई तिकडे गेल्या आणि अनाथ मुली व बालविधवा गोळा करून आणू लागल्या. याला दयाळूपणा म्हटलं तर ते कमी पडेल. १८७४ मध्ये त्यांचे आईवडील, अनंतशास्त्री डोंगरे आणि लक्ष्मीबाई, दुष्काळातच गेले होते. संस्कृतात पारंगत असलेलं ते कुटुंब पुराणं सांगत गावोगाव फिरत होतं आणि अखेर उपासमारीला लागलं होतं. रस्त्याच्या कडेला बसलेली, हाडांचा सापळा झालेली मुलगी रमाबाईंना परकी वाटायचं कारणच नव्हतं.

या मुली पुण्यात आणाव्यात तर पुण्यात प्लेग. गर्दी वाढवायला सरकारची मनाई. (प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचं काय होतंय, याविषयी रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. घरातली बातमी वेळेवर आणि मोठ्याने सांगायची सवय त्यांना तेव्हापासूनच होती.) मुली केडगावच्या शेतावर आणल्या गेल्या. आधी तात्पुरता निवारा, मग पक्क्या इमारती, असं करत सप्टेंबर १८९८ मध्ये ‘मुक्ती’ रीतसर सुरू झाली. लगोलग १८९९-१९००चा, गुजरातेत ज्याला छप्पनिया म्हणतात तो दुष्काळ पडला. रमाबाईंची माणसं तिकडून मुलींचे जथे घेऊन आली. १९००च्या सुमारास केडगावात सुमारे २,००० माणसं राहत होती.

दोन हजार! आजूबाजूच्या कित्येक गावांची वस्ती तेवढी नसेल. एवढ्यांच्या दोन वेळच्या जेवणाला किती धान्य दळायचं, किती पाणी ओढायचं, किती लुगडी लागणार, उवा आणि खरूज कशी आवरायची, याचा विचार केला की ‘शाळा’ हा शब्द तोकडा पडतो. शिवाय सगळ्या एका भाषेच्या नव्हत्या. कुणी हिंदी बोलणारी, कुणी गुजराती, कुणी मराठी. काहींचं वय पाच, काहींचं पंचवीस. काही इतक्या उपाशी होत्या की अन्न दिसलं की लपवून ठेवत. अशा मुलींना फळ्यासमोर बसवण्याआधी पुष्कळ काही करावं लागतं.

रमाबाईंनी कामाच्या वाटण्या केल्या. शारदा सदन होतंच. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, लहान मुलग्यांसाठी सदानंद सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन. जी थोडी पुढे गेली तिने मागच्यांना शिकवायचं, हा शिरस्ता. नाहीतर एवढे शिक्षक आणायचे कुठून? लहानग्यांसाठी बालोद्यान पद्धत होती. अमेरिकेत असताना फिलाडेल्फियात रमाबाईंनी फ्रोबेलच्या शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला होता आणि तिच्या धर्तीवर मराठी पाठ्यपुस्तकंही तयार केली होती. वाचन-लेखनाबरोबर प्रत्येकीच्या हाताला काम होतं: विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, धुलाई, पाव भाजणं, शेतातली कामं. अंध मुलींना ब्रेल शिकवली गेली; ते काम रमाबाईंच्या लेकीने, मनोरमेने, अंगावर घेतलं होतं. बुद्धीचं शिक्षण आणि हातांचं शिक्षण एकत्र असावं हे मराठीत नंतर पुष्कळांनी सांगितलं. केडगावात त्यावर भाषणं देण्याची सोयच नव्हती, कारण काम न करता जेवण शिजणार नव्हतं.

या सगळ्याचा खर्च कसा भागत असे, इथे वार्तापत्र येतं. सरकारी अनुदान नाही. असोसिएशनची दहा वर्षं भरली. शेतीचं उत्पन्न दोन हजारांना पुरणं शक्य नाही. उरतात लांबचे हितचिंतक, आणि लांबच्या माणसाला आपलंसं ठेवायचं तर घरची बातमी कळवत राहणं हाच मार्ग. किती जणी आल्या, पाऊस कसा झाला, कशासाठी प्रार्थना हवी आहे, कोण पाहुणे येऊन गेले. ‘प्रेअर बेल’ हे मुक्तीचं पोस्टाने फिरणारं अंगण होतं. गावातल्या माणसाला जे ओट्यावर बसून कळतं, ते अमेरिकेतल्या आजीबाईला अंक उघडून कळायचं आणि मग तिची मनीऑर्डर यायची.

यात खटकणारं काही आहे का? आहे. उपासमारीतून आलेल्या मुलीची कहाणी पैसे देणाऱ्यांसाठी छापली जात होती. ती छापावी की नाही हे त्या मुलीला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. आजही कित्येक संस्थांच्या अहवालांत हेच चालतं, फक्त छपाई गुळगुळीत झाली आहे. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. हे वार्तापत्र इंग्रजीत होतं. त्यामुळे केडगावात काय चाललंय हे इंग्लंड-अमेरिकेतल्या भाविकांना कळत होतं आणि साठ किलोमीटरवरच्या पुण्याला ते फक्त कुजबुजीतून कळत होतं. मराठी वाचकाच्या मनातल्या रमाबाई १८९३च्या वादाशी येऊन थांबतात, त्याचं एक कारण हे आहे. त्यानंतरची तीस वर्षं, म्हणजे त्यांच्या कामाचा मोठा भाग, आपल्या भाषेच्या बाहेर घडल्यासारखी राहिली.

केडगावची बातमी किती लांब जाऊ शकत होती, याचा एक नमुना मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. जून १९०५ मध्ये मुक्तीत धार्मिक चैतन्याची एक लाट आली. मुली रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या. तिथल्या अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी त्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि १९०६ मध्ये ती केडगावच्याच छापखान्यात छापली. तिची एक प्रत त्यांनी आपल्या शिकागोतल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. ही मैत्रीण, मे हूवर, तेव्हा दक्षिण अमेरिकेत चिलीमधल्या वाल्परायसो शहरात होती आणि तिचा नवरा तिथल्या मेथडिस्ट चर्चचा पाळक होता. नवरा-बायकोने पुस्तिका वाचली, तशीच प्रार्थना आपल्याकडे सुरू केली आणि १९०९ मध्ये चिलीत पेंटेकोस्टल पंथाची चळवळ उभी राहिली. ती आज त्या देशातल्या मोठ्या धार्मिक प्रवाहांपैकी एक आहे. केडगावातल्या दुष्काळग्रस्त मुलींच्या प्रार्थनेचा पडसाद पॅसिफिकच्या किनाऱ्यावर उमटला, तोही एका मैत्रिणीने दुसरीला पाठवलेल्या टपालातून. पंथाशी कुणाला देणंघेणं असो-नसो, टपालखात्याला दाद द्यावीच लागेल.

छापखान्याचं खरं मोठं काम मात्र मराठीतच झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रमाबाई बायबलचं भाषांतर करत होत्या. प्रचलित मराठी भाषांतर संस्कृतप्रचुर, खेड्यातल्या बाईला न कळणारं, असं त्यांचं मत होतं. गंमत अशी की हे म्हणणारी बाई स्वतः ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या कलकत्त्याच्या पंडितांकडून संस्कृतासाठी मिळवलेली. मूळ पाठाशी थेट भिडता यावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला. मग भाषांतर करायचं, ते मुलींनी जुळवायचं, मुद्रितं तपासायची, छापायचं, बांधायचं. ज्या मुलींना काही वर्षांपूर्वी अक्षर म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्या आता एकेक खिळा उलटा वाचून ओळीत बसवत होत्या. भाषांतरशास्त्राच्या अंगाने या बायबलवर टीका करता येईल आणि ती झालीही आहे. पण एका स्त्रीने एकटीने केलेलं आणि स्त्रियांच्या हातांनी छापून निघालेलं एवढ्या लांबीचं दुसरं मराठी पुस्तक मला तरी आठवत नाही.

रमाबाईंची स्वतःची घरची बातमी एकाच नावाची होती: मनोरमा. १८८१ मध्ये जन्मलेली. वडील बिपिनबिहारी मेधावी ती तान्ही असतानाच गेले. तिचं बालपण आईबरोबर आणि आईविना, पुणे, इंग्लंड आणि अमेरिका यांत वाटलं गेलं. इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांनी रमाबाईंची आणि तिची पत्रं जपली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो पत्रसंग्रह १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. त्यात धर्मशास्त्रावरची भांडणं आहेत, तशीच छोट्या ‘मनो’च्या प्रकृतीची आणि अभ्यासाची चौकशीही आहे. मोठेपणी ती शारदा सदनाची मुख्याध्यापिका झाली आणि आईनंतर सगळं तीच पाहणार हे ठरल्यासारखं होतं.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, चाळिसाव्या वर्षी. रमाबाई ६३ वर्षांच्या होत्या, कानांनी अधू झालेल्या, आणि बायबलच्या मुद्रितांचं काम शिल्लक होतं. ते त्या करत राहिल्या. अखेरच्या दुखण्यात त्यांनी देवाकडे दहाच दिवस मागितले आणि काम पुरं करून त्या गेल्या, असं मुक्तीत सांगतात. तारीख ५ एप्रिल १९२२. त्यांना केडगावातच पुरलं. छापखाना चालू राहिला, १९२४ मध्ये संपूर्ण बायबल बाहेर पडलं. संस्थाही चालू राहिली. शाळा, मुलींचं वसतिगृह, रुग्णालय असा तिचा व्याप आजही केडगावात आहे.