सोवळ्यातले पॉलिएस्टर

आईने सोवळ्यासाठी जपलेली एक मोतिया रंगाची साडी आमच्या घरी आहे. वीस वर्षांपूर्वी एका दुकानदाराने ती 'शुद्ध रेशीम' म्हणून दिली. गौरींचा नैवेद्य आई तीच नेसून रांधत आली. गेल्या वर्षी पदराचा एक सुटा धागा मी निरांजनावर धरला. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. हा धागा आक्रसला, वितळला आणि टोकाशी काळा, टणक मणी तयार झाला. पॉलिएस्टर!

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. जे कळले ते पाठ्यपुस्तकांतून आणि इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसमध्ये उभे राहून. पण आयुष्यभर लुगडी हाताळलेली बाई फसली कशी, हा प्रश्न मला सोडीना.

व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ साली इंग्लंडात हा तंतू शोधला. आपण त्याला टेरिलीन म्हणून ओळखले. त्यात लांबच लांब रेणुसाखळ्या असतात. काही शिस्तीत रचलेल्या, काही विस्कटलेल्या. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला विस्कटलेल्या भागाला सैलपणा येतो. कापड ताणून धरून १८० ते २१० अंशांची गरम हवा दिली, की साखळ्या नव्याने रचल्या जातात आणि थंड झाल्यावर तोच आकार धरून ठेवतात. वडिलांच्या टेरिकॉट पँटची कड कितीही धुतली तरी मोडत नसे, ती याच गुणामुळे. इस्त्री फार तापली तर मात्र कापडावर कायमची चकाकी येते. तंतू २६० अंशांच्या आसपास वितळतो; त्याच्या बऱ्याच आधी तो मऊ पडून दबतो.

रंगवण्यातही उष्णताच लागते. पाण्याला सहसा जवळ न करणारा हा तंतू रंगाला आत घेतो तो बंद यंत्रात, दाबाखाली, १३० अंशांच्या पाण्यात.

एवढ्याने कापड रेशमासारखे होत नाही. ते ताठच राहते. खरी किमया कॉस्टिक सोड्याची. गरम कॉस्टिकच्या पाण्यात साखळीतले एस्टर बंध तुटतात, पण कॉस्टिक तंतूच्या गाभ्यात शिरू शकत नाही. त्यामुळे साबणाची वडी झिजावी तसा तंतू बाहेरून झिजतो, आतला भाग शाबूत राहतो. वजन दहा ते पंचवीस टक्के घटते. धाग्यांमध्ये फट पडते, कापड सुळसुळीत होऊन अंगावर ओघळते. खऱ्या रेशमालाही तो पोत येतो तो त्यावरचा डिंक उकळून काढल्यावर, आणि तेव्हाही वजन जवळपास तेवढेच घटते. नक्कल नेमकी तिथे साधली आहे. गंमत अशी, की त्याच गरम कॉस्टिकमध्ये खरे रेशीम टाकले तर विरघळून जाईल.

झिजलेला भाग मात्र नाहीसा होत नाही. टेरेफ्थॅलिक आम्लाचे क्षार आणि ग्लायकॉल होऊन तो सांडपाण्यात उतरतो. ते पाणी प्रक्रिया न करता सोडले, तर नदीतला प्राणवायू खाते. साडीच्या किमतीत हा खर्च धरला जातो का, हे मी विचारले तेव्हा प्रोसेस हाऊसमधले संभाषण तिथेच थांबले.

आईला सांगावे की नाही, यावरून घरात दोन महिने वाद होता. शेवटी सांगितले. तिने तो काळा मणी तळहातावर घेऊन पाहिला, काही बोलली नाही. यंदा गौरींच्या दिवशी मात्र तिने ट्रंकेतली आजीची धाबळी काढायला लावली.