पाऊस सॅटिस्फॅक्टरी, शेतकरी सॅटिस्फाइड!

कॅम्पस इंटरव्ह्यूत प्रश्न येतो, 'प्रोजेक्टबद्दल काय वाटतं?' उत्तर जातं, 'सर, आय ॲम सॅटिस्फॅक्टरी.' म्हणायचं असतं 'मी समाधानी आहे', पण समोरच्याला ऐकू येतं 'मी ठीकठाक आहे, चालून जाईन'. स्वतःच स्वतःला काठावर पास करायचं कशाला?

खरं तर हा फरक तुम्हाला आधीच येतो, मराठीत! पेपरात काय छापून येतं? 'तालुक्यात समाधानकारक पाऊस, शेतकरी समाधानी.' 'पाऊस समाधानी' असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही तेच. समाधानी म्हणजे सॅटिस्फाइड, समाधानकारक म्हणजे सॅटिस्फॅक्टरी. मन असतं तो सॅटिस्फाइड; ज्याचं मोजमाप होतं ते सॅटिस्फॅक्टरी.

आपल्या कोरेगावचंच उदाहरण घ्या. इथल्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. समजा, यंदा पीक बरं आलं, तर 'द क्रॉप इज सॅटिस्फॅक्टरी'. भावही चांगला मिळाला, तर 'द फार्मर इज सॅटिस्फाइड'. आणि त्याच घेवड्याची झणझणीत आमटी भाकरीबरोबर ओरपली की ते जेवण 'सॅटिस्फाइंग', म्हणजे तृप्त करणारं.

आता शेपटाकडे बघू. मराठीत आपण निकाला'वर' किंवा कामा'ने' समाधानी असतो, म्हणून इंग्रजीत 'ऑन' नाहीतर 'फ्रॉम' घुसतं. तिथे 'विथ'च हवं: 'आय ॲम सॅटिस्फाइड विथ माय रिझल्ट.'

अजून एक गंमत. सॅटिस्फॅक्टरी हे फार मोठं कौतुक नाही. डॉक्टर 'प्रकृती समाधानकारक' म्हणाले, म्हणून पेशंट लगेच कबड्डी खेळायला जात नाही! 'काळजी नको' एवढाच त्याचा अर्थ.

कॉलेजच्या नॅक मूल्यांकनात 'स्टुडंट सॅटिस्फॅक्शन सर्व्हे' असतो. त्यात तुम्हाला तुमच्या शब्दांत सूचनाही लिहिता येतात. तिथे 'द लायब्ररी इज सॅटिस्फॅक्टरी' लिहिलंत, तर वाचणारा समजणार, 'चालतंय, तक्रार नाही.' मनापासून खूश असाल तर लिहा, 'आय ॲम व्हेरी सॅटिस्फाइड विथ द लायब्ररी.' नसाल तर 'आय ॲम नॉट सॅटिस्फाइड' लिहून कारणही द्या. तुमचं मत मागितलंय, तर ते तुमचंच पोचू दे.

अडलात तर आधी मराठीत बोलून बघा. तोंडात 'समाधानी' आलं की सॅटिस्फाइड, 'समाधानकारक' आलं की सॅटिस्फॅक्टरी. बास, विषय संपला!