आकाशातून हद्द ठरत नाही

इंग्लंडात घर घेऊन स्थायिक झालेल्या आपल्या मराठी मंडळींपैकी ज्यांचा शेजाऱ्याशी परसातील कुंपणावरून खटका उडतो, त्यांपैकी कोणी ना कोणी मला हटकून दूरध्वनी करतो आणि जणू निकालाची नक्कलच हाती पडली आहे अशा स्वरात सांगतो, "काका, विमानातून काढलेला १९४६ सालचा फोटो सापडला. आता नुसती पट्टी लावायची, की झाला निकाल!" महायुद्धोत्तर काळातील ब्रिटिश हवाईदलाची छायाचित्रे आणि त्याआधीपासूनची एरोफिल्म्स कंपनीची छायाचित्रे घरबसल्या पाहावयास मिळू लागल्यापासून या समजाला भलताच बहर आला आहे. एरोफिल्म्सच्या १९१९ ते १९५३ या काळातील संग्रहाचे 'ब्रिटन फ्रॉम अबव्ह' हे दालन २०१२ साली खुले झाले आणि 'हिस्टॉरिक इंग्लंड' या संस्थेने २०२१ साली चार लाखांहून अधिक हवाई छायाचित्रे संगणकावर मांडली. ही सोय अपूर्व आहे, यात शंका नाही; परंतु आकाशातून घेतलेले छायाचित्र म्हणजे नकाशाच, त्यावर पट्टी ठेवावी आणि जमीन मोजावी, हा जो समज तिच्याबरोबर घरोघर शिरला आहे, तो मुळापासून चुकीचा आहे.

नकाशातील प्रत्येक बिंदू जणू त्याच्या थेट माथ्यावरून पाहिलेला असतो. छायाचित्राचे तसे नाही. तेथे सारा मुलूख एका भिंगातून, एका जागेवरून, एका क्षणी पाहिलेला असतो. अंगणात चार खांब उभे करून मधल्या खांबाच्या बरोबर वर, झाडाच्या फांदीवर बसून खाली पाहावे, म्हणजे मधल्या खांबाचे केवळ टोक दिसते आणि कडेचे खांब बाहेरच्या अंगास कललेले दिसतात. हवाई छायाचित्रात घरे, झाडे, टेकड्या या साऱ्यांची नेमकी हीच गत होते. जी वस्तू जितकी उंच आणि चित्राच्या मध्यापासून जितकी दूर, तितका तिचा माथा आपल्या खऱ्या जागेवरून बाहेर सरकतो.

किती सरकतो, हे सांगावयास कोणा पंडिताची गरज नाही. तिसरीचे त्रैराशिक पुरे. हवाईदलाच्या छायाचित्रांच्या चौकटींच्या कडेला पांढऱ्या बारीक अक्षरांची एक पट्टी असते, जी दूरध्वनी करणारी ही मंडळी हटकून कापून टाकतात आणि उरलेले चित्र तेवढे मला पाठवितात. तीत उड्डाणाचा क्रमांक, तारीख, भिंगाचे नाभीय अंतर, बहुधा उंची आणि स्क्वाड्रनचा आकडा, असा सारा दाखला असतो. समजा, भिंग २० इंची आहे आणि विमान जमिनीपासून १६,६०० फुटांवर आहे. मग चित्रातील १ इंच म्हणजे जमिनीवरचे ८३० फूट झाले. चित्राच्या मध्यापासून ४ इंचांवर ३० फूट उंचीचे दुमजली घर असेल, तर त्याच्या छपराची कड पायापासून ६ फूट बाहेर पडलेली दिसेल. तेथेच ३०० फुटांची टेकडी असेल, तर तिचा माथा ६० फूट हललेला असेल, आणि भिंग २० इंचीऐवजी ६ इंची असेल, तर तोच माथा २०० फूट सरकेल. शिवाय त्या टेकडीवर १ इंच म्हणजे ८३० नव्हे, तर ८१५ फूट. म्हणजे एकाच कागदावर पायथ्याचे प्रमाण निराळे आणि माथ्याचे निराळे! विमान किंचित कलले असेल, तर चित्राच्या दोन कडांची प्रमाणेही एक राहत नाहीत, हे वेगळेच.

आणि भांडण कशाचे, तर वीतभर जागेचे! अर्ध्या मिलिमीटरच्या पेन्सिलीने या छायाचित्रावर रेघ ओढली, तर ती रेघच जमिनीवर १६ फूट रुंद होते. ज्या परसाची सारी रुंदी वीस-पंचवीस फूट, त्या परसाची हद्द सोळा फुटी रेघेने ठरवावयास निघालेल्या माणसाला काय म्हणावे, हे मी वाचकांवरच सोपवितो.

यावर एक ठरलेला प्रतिप्रश्न येतो: मग मोजणी खाती हवाई छायाचित्रांवरून नकाशे तयार करतात, ते कसे? ते करतात हे खरेच. पण एका चौकटीवर पट्टी ठेवून नव्हे. उड्डाण करतानाच लगतच्या चौकटी एकमेकींवर साधारण ६० टक्के चढतील अशा बेताने घेतलेल्या असतात, जेणेकरून प्रत्येक जागा निदान दोन ठिकाणांहून पाहिली जावी आणि त्या जोडीवरून तिची उंची काढता यावी. मग जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेल्या खुणांशी ती जोडी जुळवून विमानाचा कल आणि उंचसखलपणाचा दोष गणिताने काढून टाकावा लागतो. छायाचित्र हा नकाशाचा कच्चा माल आहे, आणि कच्च्या मालाला पक्क्याचा भाव देणे हाच या साऱ्या घोटाळ्याचा उगम आहे.

एरोफिल्म्सची गोष्ट तर याहून अवघड. १९१९ साली फ्रान्सिस विल्स आणि क्लॉड ग्रॅहम-व्हाइट यांनी काढलेली ही कंपनी मोजणीखाते नव्हती. कारखानदारांना आणि व्यापाऱ्यांना चित्रे विकणारा तो रीतसर धंदा होता. तिची बहुतेक चित्रे विमानाच्या बाजूने, तिरकस कोनातून घेतलेली आहेत, त्यामुळे पुढची चिमणी बोटाएवढी तर मागची टाचणीएवढी. त्यांना एक ठराविक प्रमाण नसतेच. एका गिरणीची डझनभर चित्रे सापडतात आणि लगतच्या मजूरवस्तीचे एकही सापडत नाही, याचे कारणही तेच: वस्तीने मागणी नोंदवली नव्हती.

बरे, मोजमाप अगदी अचूक निघाले असे क्षणभर धरून चालू. तरी छायाचित्रात दिसते ती झुडपांची ओळ, चर, भिंत. मालकी काही दिसत नाही. इंग्लंडच्या २००२ च्या भूमिनोंदणी कायद्याप्रमाणे खुद्द सरकारी नोंदणीच्या नकाशावरील रेघदेखील, ती खास अर्ज करून निश्चित करून घेतलेली नसेल, तर केवळ सर्वसाधारण हद्द दाखविते, नेमकी नव्हे. आपल्याकडे ज्यांनी टिपण आणि फाळणीबारा डोळ्यांखालून घातले आहेत, त्यांना बांध दिसणे आणि बांध आपला असणे यांतील अंतर समजावून सांगावे लागत नाही. परमुलखात गेल्यावर मात्र तीच माणसे हे कसे विसरतात, कोण जाणे. अमुक तारखेला येथे झुडपांची ओळ होती, खोपटे नव्हते, पायवाट शेतातून जात होती, एवढे छायाचित्र उत्तम सांगते, आणि पुष्कळ वादांत तेवढेच मोलाचे ठरते. जर्मनीत तर इमारतीचा पाया खणण्यापूर्वी दोस्त राष्ट्रांची युद्धकालीन हवाई छायाचित्रे तपासून न फुटलेल्या बाँबचा माग काढतात. पण तेथेही चित्रावरून मिळतो तो संशय. प्रत्यक्ष शोध जमिनीवर उतरूनच घ्यावा लागतो.

'फोटो खोटे बोलत नाही' असे म्हणणाऱ्यांनी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशाखात्याने युद्धोत्तर काळात हवाई छायाचित्रे जोडून तयार केलेले पट पाहावेत. त्यांतील काही तक्त्यांवर लष्करी महत्त्वाच्या जागा रंगवून झाकलेल्या आहेत आणि त्यांच्या जागी निष्पाप शेते व झाडी काढलेली आहे. एरोफिल्म्सच्या मूळ चित्रांच्या काचपट्ट्यांवरही छपाईसाठी केलेल्या खुणा आढळतात, आणि त्या कोणा भाबड्याला रस्ते वाटतात.

आणखी काही गैरसमजही येथेच दूर करावेत. वरून घेतलेले प्रत्येक चित्र उपग्रहाचे नसते. १९४६ साली उपग्रह नव्हता. चित्रात टेकडीच्या जागी खड्डा दिसू लागला, तर तो भूकंप नव्हे: इंग्लंडात सावल्या बहुधा उत्तरेकडे पडतात आणि आपल्या डोळ्यांना उजेड वरून येण्याची सवय असते, म्हणून चित्र उलटे फिरवून सावली आपल्याकडे घ्यावी, की खड्ड्याची पुन्हा टेकडी होते. पिकातल्या गडद रेषा म्हणजे काचेवरचे ओरखडेच असतात असेही नाही. बुजलेल्या चरावर ओल टिकते, तेथे पीक जोमाने वाढते, आणि गाडलेल्या भिंतीवर ते खुरटते. १९२५ साली वैमानिक इन्सॉल यांना स्टोनहेंजजवळचे 'वुडहेंज' अशाच खुणांवरून गवसले. संगणकावर नाही म्हणजे संग्रहात नाही, हाही एक ठार गैरसमज. एकट्या हिस्टॉरिक इंग्लंडकडील हवाई छायाचित्रांची संख्या चाळीस लाखांहून अधिक आहे, तेव्हा दफ्तराला रीतसर पत्र लिहून उड्डाणाच्या क्रमांकानिशी चौकशी करावी. पाहणे फुकट म्हणजे छापणेही फुकट, असे मात्र समजू नये.

राहता राहिली 'साहेबाने आमचे गाव टिपलेच असेल' ही आशा. हिस्टॉरिक इंग्लंडचे हे दालन इंग्लंडचे आहे. त्यात सातारा-सांगली शोधण्यात दिवस घालवू नये. त्यासाठी वाट निराळी. अमेरिकेच्या कोरोना आदी हेरगिरीच्या उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात घेतलेली आठ लाख साठ हजारांहून अधिक छायाचित्रे १९९५ साली गोपनीयतेतून मुक्त करण्यात आली, आणि त्यांचा शोध अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या दालनात घेता येतो. गावाचे अक्षांश-रेखांश टाकावेत, पावसाळ्यातील फिल्मपट्ट्यांवर बहुधा ढगच असणार हे गृहीत धरून कोरड्या महिन्यांतील पट्ट्या आधी पाहाव्यात, आणि नशिबाने गाव सापडलेच, तर त्या उपग्रहांचे कॅमेरे फिल्मपट्टीच्या दोन्ही टोकांना चित्राचे प्रमाण बिघडवीत असत हे ध्यानात ठेवून बांध मोजावयास मोजणीदारच बोलवावा.