सिमला, लंडन, कूत : महायुद्धातल्या समित्या आणि दख्खनचे शिपाई

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढणाऱ्या मराठा पलटणींचे भवितव्य तीन ठिकाणी ठरत होते. सिमल्यात व्हाइसरॉय आणि सरसेनापती होते, लंडनमध्ये हिंदुस्थानचा कारभार पाहणारे इंडिया ऑफिस होते आणि या दोघांच्या वर ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या युद्धसमित्या होत्या. या समित्या कशा घडल्या, त्यांनी काय ठरवले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा दख्खनच्या इतिहासाचाही भाग आहे.

समित्यांची घडण

साम्राज्याच्या लष्करी प्रश्नांवर विचार करण्यासाठी ब्रिटनने १९०२ मध्ये साम्राज्य संरक्षण समिती स्थापन केली. ती केवळ सल्ला देणारी होती. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा वीसएक मंत्र्यांचे मंत्रिमंडळ प्रत्येक प्रश्नावर चर्चा करी आणि त्या चर्चेचे इतिवृत्तही ठेवले जात नसे. काय ठरले याविषयी मंत्र्यांच्या आठवणी जुळत नसत. त्यामुळे नोव्हेंबर १९१४ मध्ये युद्ध मंडळ, १९१५ च्या उन्हाळ्यात दार्दानेल्स समिती आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये युद्धसमिती असे एकामागून एक प्रयोग झाले. डिसेंबर १९१६ मध्ये लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले. त्यांनी पाच जणांचे युद्ध मंत्रिमंडळ नेमले आणि मॉरिस हँकी यांच्या सचिवालयाकडे प्रत्येक निर्णयाची नोंद ठेवण्याचे काम दिले.

युद्धानंतर तुर्की साम्राज्याचे काय करायचे, याचाही विचार समितीतच सुरू झाला. एप्रिल १९१५ मध्ये मॉरिस डी बन्सन यांच्या अध्यक्षतेखाली परराष्ट्र, युद्ध, नौदल, व्यापार आणि इंडिया ऑफिस या खात्यांचे प्रतिनिधी एकत्र बसले. जूनअखेर त्यांनी अहवाल दिला. समितीतले मार्क साइक्स यांनी पुढे फ्रान्सच्या पिको यांच्याशी बोलणी केली आणि मे १९१६ मध्ये अरब मुलखाच्या वाटणीचा गुप्त करार झाला.

बसरा ते कूत

ऑक्टोबर १९१४ मध्ये इराणी आखातातल्या तेलाच्या रक्षणासाठी हिंदुस्थानातून ‘डी’ मोहीम निघाली. तिचा कणा होती सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तीन मराठा पलटणी तिच्यात होत्या. सातारा, रत्नागिरी, पुणे, कोल्हापूर या भागांतले तरुण त्यांत मोठ्या संख्येने होते. २२ नोव्हेंबरला बसरा हाती आले.

पुढे कुठे थांबायचे, हे मात्र कोणीच पक्के ठरवले नाही. मोहीम चालवत होते सिमला, धोरण ठरवणार होते लंडन, आणि रणांगणावरचे सेनापती जॉन निक्सन यांना बगदाद खुणावत होते. सप्टेंबर १९१५ मध्ये तिग्रिसकाठचे कूत अल-अमारा जिंकल्यावर हा प्रश्न लंडनच्या समित्यांपुढे आला. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेत अपयश येत होते आणि पूर्वेकडे ब्रिटिशांची पत राखणारा एखादा विजय मंत्र्यांना हवा होता. नदीतून रसद नेणाऱ्या आगबोटी अपुऱ्या होत्या, दवाखान्यांची सोयही अपुरी होती. तरी ऑक्टोबरमध्ये बगदादकडे कूच करण्यास मंजुरी मिळाली.

नोव्हेंबरअखेर बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत सहाव्या डिव्हिजनचे सेनापती टाउनशेंड यांच्या फौजेची मोठी हानी झाली आणि ती कूतला परतली. ७ डिसेंबर १९१५ ला तिला वेढा पडला. शिधा आटत गेला. घोड्याचे मांस खायला अनेक हिंदी शिपाई धर्मभावनेमुळे दीर्घकाळ तयार नव्हते. भुकेने आणि स्कर्व्हीने ते खंगत गेले. वेढा उठवण्याच्या प्रयत्नांत सुमारे २३ हजार सैनिक मेले वा जखमी झाले. जवळपास पाच महिन्यांनी, २९ एप्रिल १९१६ ला, सुमारे १३ हजार लोकांनी शरणागती पत्करली. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो मेले.

चौकशी

फेब्रुवारी १९१६ मध्येच मोहिमेचे नियंत्रण हिंदुस्थान सरकारकडून लंडनच्या युद्ध खात्याकडे गेले होते. जखमींच्या हालांची चौकशी व्हिन्सेंट-बिंगली आयोगाने केली. त्यानंतर ऑगस्ट १९१६ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखाली मेसोपोटेमिया आयोग बसला. जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात निक्सन यांच्यावर सर्वांत मोठा ठपका होता. व्हाइसरॉय हार्डिंग, सरसेनापती बोशाँ डफ, भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन आणि युद्धसमिती यांच्यावरही जबाबदारीचा वाटा ठेवला गेला. चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यू यांनी २० ऑगस्ट १९१७ ला जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. कूतच्या पराभवाचा धागा असा हिंदुस्थानच्या राजकीय सुधारणांपर्यंत पोहोचला.

कर्झन यांच्या समित्या

११ मार्च १९१७ ला बगदाद अखेर ब्रिटिशांच्या हाती पडले. जिंकलेल्या मुलखाच्या कारभारासाठी लगेच मेसोपोटेमिया प्रशासन समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते माजी व्हाइसरॉय कर्झन. बसऱ्यात हिंदुस्थानी कायदे आणि हिंदुस्थानी कर्मचारी आधीच रुजू लागले होते, पण नव्या मुलखाचा कारभार हिंदुस्थान सरकारने पाहू नये, असे लंडनने ठरवले. या समितीचे रूपांतर मध्यपूर्व समितीत झाले. मार्च १९१८ मध्ये तिच्यासह इराण आणि रशियाविषयक समित्या एकत्र करून पूर्व समिती निघाली. कर्झन अध्यक्ष राहिले. परराष्ट्रमंत्री बाल्फोर, भारतमंत्री माँटेग्यू, दक्षिण आफ्रिकेचे स्मट्स ही मंडळी तिच्यात बसत. कॉकेशसपासून पॅलेस्टाइनपर्यंतचे प्रश्न तिच्यापुढे येत. जानेवारी १९१९ मध्ये ती विसर्जित झाली.

निजामाचे राज्य

मुखेड, कंधार, देगलूर, लातूर हा मराठी मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. इथल्या रयतेचे युद्धाशी नाते लंडन आणि सिमल्याच्या जोडीला हैदराबादमधूनही ठरत होते. तुर्कस्तानच्या सुलतानाने, म्हणजे खलिफाने, ब्रिटनविरुद्ध जिहाद पुकारला, तेव्हा निजाम मीर उस्मान अली खान यांनी मुसलमानांना ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले. ब्रिटिश धोरणाच्या दृष्टीने या आवाहनाचे मोल मोठे होते. हैदराबाद लान्सर्स इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये गेले, तर डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये लढले. या दोन घोडदळांच्या खर्चासाठी निजामाने ६० लाख रुपये दिले. ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीची विमानेही त्यांच्या देणगीतून आली. १९१८ मध्ये त्यांना ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ हा किताब मिळाला. राज्याच्या तिजोरीत सारा भरणाऱ्या मराठवाड्याच्या शेतकऱ्याला यातले काहीही विचारले गेले नव्हते.

प्रतिनिधित्वाचा प्रश्न

मार्च १९१७ मध्ये लंडनला साम्राज्य युद्ध मंत्रिमंडळ भरले. हिंदुस्थानच्या वतीने तिथे जेम्स मेस्टन, बिकानेरचे महाराज गंगासिंह आणि सत्येंद्र प्रसन्न सिन्हा गेले. तिघेही सरकारने निवडलेले होते. एप्रिल १९१८ च्या दिल्लीतल्या युद्ध परिषदेचे निमंत्रण टिळकांना नव्हते. १० जून १९१८ ला मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांनी प्रांतिक परिषद बोलावली. सहकार्य आणि स्वराज्य यांची सांगड टिळक घालू लागताच त्यांना थांबवण्यात आले. ते आणि न. चिं. केळकर सभा सोडून निघून गेले. माणसे द्या, पण धोरणावर बोलू नका, ही सरकारची भूमिका त्या दिवशी उघड झाली.

महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी गेली आणि ७४ हजारांहून अधिक मेली. १९२१ मध्ये चर्चिल यांच्या वसाहत खात्यात मध्यपूर्व विभाग उघडला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कैरो परिषदेने अरब राजपुत्र फैसलला इराकच्या गादीवर बसवण्याचे ठरवले. सहा वर्षांत समित्यांची नावे आणि अध्यक्ष बदलले, इतिवृत्ते नीट लिहिली जाऊ लागली, खात्यांमधला मेळही सुधारला. कूतच्या वेढ्यात मेलेल्या शिपायाच्या गावाला मात्र या काळातल्या एकाही निर्णयात मत नव्हते. समन्वयाने साम्राज्याचा कारभार सुधारला. ज्यांच्या जिवावर तो चालला त्यांच्यापुढे जाब देण्याची व्यवस्था त्यातून उभी राहिली नाही.