हरण्याचं बक्षीस

मैदानामागे : लेखांक ९

२ ऑगस्ट २००९ रोजी मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर सामना संपल्याचा भोंगा वाजला, तेव्हा मेलबर्न क्लब रिचमंडच्या दोन गुणांनी पुढे होता. पण भोंग्याच्या आधीच रिचमंडच्या जॉर्डन मॅकमेहननं चेंडू झेलला होता. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये असा झेल घेणाऱ्याला कुणी अडवत नाही. वेळ संपली तरी त्याला किक मारायला मिळतेच. मॅकमेहननं चेंडू मधल्या दोन उंच खांबांमधून पार केला. गोलचे सहा गुण मिळाले आणि रिचमंड चार गुणांनी जिंकलं. जिंकता जिंकता असा सामना गेला की चाहते रडकुंडीला येतात. मेलबर्नच्या कित्येक चाहत्यांना मात्र त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं.

असं का झालं, हे कळण्यासाठी या खेळाची व्यवस्था समजून घ्यावी लागेल. बॉक्सिंग डे कसोटीमुळे आपल्या ओळखीचं झालेलं हे मैदान हिवाळ्यात फुटबॉलचं असतं. मैदान लंबगोल, प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू आणि लांबट चेंडू. मधल्या खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. एएफएल या मुख्य लीगमध्ये आज अठरा क्लब आहेत. आपल्या आयपीएलसारखा इथे लिलाव नसतो. नवे खेळाडू ड्राफ्टमधून येतात, म्हणजे क्लब ठरलेल्या क्रमानं अठरा-एकोणीस वर्षांची मुलं निवडतात. गुणतक्त्यात जो शेवटी, त्याची पाळी पहिली. बलवान आणखी बलवान होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. क्लबला मुलगा निवडता येतो, मुलाला क्लब निवडता येत नाही.

त्या काळी यात आणखी एक नियम होता. सलग दोन हंगाम ज्या क्लबला चारपेक्षा जास्त विजय मिळाले नाहीत, त्याला पहिल्या फेरीच्या आधी एक जादा निवड मिळे. मेलबर्ननं २००८मध्ये तीन सामने जिंकले होते, २००९मध्ये चार जिंकले. पाचवा विजय मिळाला असता तर जादा निवड हातची गेली असती. म्हणजे त्या एका किकमुळे सामना गेला, पण भविष्य हाती आलं, असा हिशेब चाहत्यांनी मांडला. त्या ड्राफ्टमध्ये मेलबर्ननं पहिल्या क्रमांकावर टॉम स्कली आणि दुसऱ्यावर जॅक ट्रेंगोव्ह ही दोन मुलं घेतली. आदल्या वर्षीचा पहिला क्रमांक जॅक वॉट्स त्यांच्याकडे होताच.

हा हिशेब सपशेल चुकला.

मुद्दाम हरल्याच्या संशयावरून पुढे चौकशी झाली. २०१३च्या फेब्रुवारीत लीगनं निकाल दिला की क्लबनं ठरवून सामने हरल्याचं सिद्ध होत नाही. तरीही खेळाच्या हिताला बाधा आणणारं वर्तन झाल्याबद्दल क्लबला पाच लाख डॉलर दंड झाला. तेव्हाचे प्रशिक्षक डीन बेली यांच्यावर सोळा आठवड्यांची आणि फुटबॉल विभागाचे प्रमुख ख्रिस कॉनली यांच्यावर साधारण वर्षभराची बंदी आली. आपोआप मिळणारी जादा निवड लीगनं त्याआधीच बंद केली होती.

दंडापेक्षा मोठी किंमत तोवर मैदानावर चुकती झाली होती. ३० जुलै २०११ रोजी जिलाँगच्या कार्डिनिया पार्कवर यजमानांनी २३३ गुण केले, मेलबर्ननं ४७. फरक १८६. लीगच्या इतिहासात यापेक्षा मोठा पराभव एकच आहे, १९७९मधला १९० गुणांचा, आणि तोही मेलबर्नचाच. आजही मेलबर्नच्या चाहत्यांमध्ये नुसतं ‘वन एटी सिक्स’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. बेलींना लगेच घरी पाठवण्यात आलं.

क्लब असा रसातळाला गेला की चाहत्यांमध्ये तट पडतात. मेलबर्न शहरातले बहुतेक क्लब सभासदांचे आहेत. वर्गणी भरणारा सभासद संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत देतो, त्यामुळे ट्राममधल्या वादावादीलाही वजन असतं. हा वाद मुख्यतः तीन तटांत चालतो आणि तिन्ही तटांचं म्हणणं तपासून पाहण्यासारखं आहे.

पहिला तट म्हणतो, कोच हाकला. संघात हुशार पोरं आहेत, त्यांना घडवणारा नालायक आहे. बेलींनंतर मेलबर्ननं मार्क नीलड यांना आणलं. कडक शिस्तीचा माणूस म्हणून त्यांचा गाजावाजा झाला. तेहतीस सामन्यांत पाच विजय, एवढीच त्यांची शिल्लक. जून २०१३मध्ये तेही गेले. त्या अख्ख्या हंगामात क्लबला दोन विजय मिळाले. प्रशिक्षक बदलून दशा बदलली नाही, कारण आडातच नव्हतं तर पोहऱ्यात कुठून येणार? प्रशिक्षकाला हाकलण्याबद्दल तर मेलबर्नच्या चाहत्यांना जुनी धास्ती आहे. नॉर्म स्मिथ यांनी १९५५ ते १९६४ या काळात या क्लबला सहा अजिंक्यपदं मिळवून दिली. जुलै १९६५मध्ये मंडळानं त्यांनाच काढलं, मग ओरड झाल्यावर काही दिवसांत परत घेतलं. त्यानंतर क्लबला अजिंक्यपद मिळेना. दशकामागून दशक गेलं आणि लोक नॉर्म स्मिथच्या शापाबद्दल बोलू लागले.

दुसरा तट म्हणतो, धीर धरा. यांचा आवडता दाखला रिचमंडचा. डेमियन हार्डविक २०१०पासून तिथे प्रशिक्षक होते. २०१३, २०१४ आणि २०१५ असं सलग तीनदा रिचमंड बाद फेरीचा पहिलाच सामना हरलं. २०१६मध्ये ते तेराव्या स्थानावर घसरले, शेवटच्या सामन्यात सिडनीनं त्यांना ११३ गुणांनी धुतलं. चाहते संतापले, संचालक मंडळ उलथवायला एक गट पुढे आला. अध्यक्ष पेगी ओनील आणि मुख्याधिकारी ब्रेंडन गेल हलले नाहीत, हार्डविकही राहिले. पुढच्याच वर्षी, ३० सप्टेंबर २०१७ला, रिचमंडनं अंतिम सामन्यात अ‍ॅडलेडला ४८ गुणांनी हरवलं. १९८०नंतरचं ते त्यांचं पहिलं अजिंक्यपद. २०१९ आणि २०२०मध्ये आणखी दोन आली.

धीराचा विजय म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, पण ती अर्धीच असते. २०१६चा हंगाम संपल्यावर रिचमंडनं प्रशिक्षक सोडून बरंच काही बदललं. फुटबॉल विभागावर नील बाम यांच्यासारखा मुरलेला माणूस आणला. जस्टिन लेपिच आणि ब्लेक कॅराचेला हे नवे साहाय्यक आले. हार्डविक यांनी स्वतःची पद्धत बदलली. जरबेऐवजी मोकळेपणा आणला. नुसतं थांबून राहिले असते तर पुढचं वर्षही आदल्यासारखंच गेलं असतं.

आता तिसरा तट. यांचा आवाज लहान असतो, पण नस यांनीच पकडलेली असते. हे विचारतात, मुलं आली, पण त्यांना वाढवणार कोण? जॅक वॉट्सचं पदार्पण बघा. २००९च्या राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीला, कॉलिंगवूडविरुद्धच्या, क्लबसाठी वर्षातल्या सर्वांत मोठ्या सामन्यात, त्याला उतरवलं. तो अजून शाळेच्या शेवटच्या वर्षात होता. चेंडू हातात आल्याबरोबर कॉलिंगवूडचे दांडगे खेळाडू त्याच्यावर तुटून पडले. वर्षानुवर्षं तीच दृश्यं दाखवून त्याला हिणवलं गेलं. ट्रेंगोव्हला २०१२मध्ये विसाव्या वर्षी जॅक ग्राइम्सच्या जोडीनं कर्णधार केलं; लीगच्या इतिहासातला तो सर्वांत तरुण कर्णधार. ज्या वयात कुणाचं तरी बोट धरायचं, त्या वयात बुडत्या जहाजाचं सुकाणू त्याच्या हाती दिलं. पुढे पायाच्या दुखापतीनं त्याला गाठलं. स्कली तर दोनच हंगामांनी नव्यानं निघालेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनी क्लबचा घसघशीत करार घेऊन निघून गेला. ज्या जादा निवडीसाठी एवढा बट्टा लावून घेतला, तिच्यातून मेलबर्नला अजिंक्यपद मिळवून देणारा कुणीच निघाला नाही.

गंमत अशी की त्याच २००९च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्ननं ३४व्या क्रमांकावर मॅक्स गॉन नावाचा ताडमाड मुलगा उचलला होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियांमुळे त्याची सुरुवातीची वर्षं वाया गेली. त्याच्याकडून कुणाची घाईची अपेक्षा नव्हती, म्हणून त्याला वेळ मिळाला. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

खरी पुनर्बांधणी २०१३मध्ये कार्यालयातून सुरू झाली. लीगच्या पुढाकारानं पीटर जॅक्सन मुख्याधिकारी झाले. त्यांनी पॉल रूस यांना राजी केलं. याच रूसनी २००५मध्ये सिडनीचा बहात्तर वर्षांचा दुष्काळ संपवला होता. रूस थोड्याच वर्षांसाठी आले आणि आपल्यामागे कोण, हे आधीच ठरवून ठेवण्यात आलं. सायमन गुडविन त्यांच्या हाताखाली आले आणि २०१७मध्ये त्यांनी सूत्रं घेतली. रूसनी आधी बचाव बांधला, कारण रोज शंभर गुणांनी हरणाऱ्या मुलाला शिकवता काही येत नाही. विजयांचे आकडेच बघा : २०१३मध्ये दोन, मग चार, सात, दहा, आणि २०१७मध्ये बारा. ड्राफ्टही चालू होताच. २०१४मध्ये ख्रिश्चन पेट्राका, २०१५मध्ये क्लेटन ऑलिव्हर आला. पण त्यांच्या पाठीशी स्टीव्हन मे आणि जेक लीवर यांच्यासारखे तयार बचावपटू दुसऱ्या क्लबांकडून आणले. मुलांच्या भोवती मोठी माणसं उभी केली.

तरीही वाट सरळ नव्हती. २०१८मध्ये अंतिम सामन्याच्या उंबरठ्यापर्यंत गेलेला संघ २०१९मध्ये पाच विजयांसह सतराव्या स्थानावर आपटला. पुन्हा प्रशिक्षकाच्या नावानं शंख सुरू झाला. या वेळी क्लबनं रिचमंडसारखंच केलं. गुडविन यांना ठेवलं, पण त्यांच्या भोवतीची फळी बदलली. अ‍ॅलन रिचर्डसन, मग अ‍ॅडम येझ आणि मार्क विल्यम्स असे जाणते लोक आले.

२०२१च्या साखळीतला शेवटचा सामना कार्डिनिया पार्कवरच होता, १८६च्या त्याच मैदानावर. चव्वेचाळीस गुणांनी मागे पडलेल्या मेलबर्ननं फरक भरून काढला आणि भोंगा वाजल्यावर कर्णधारानं गोल मारून सामना जिंकला, गुणतक्त्यात क्लबला पहिलं केलं. कर्णधार मॅक्स गॉन होता. २५ सप्टेंबरला पर्थमध्ये मेलबर्ननं वेस्टर्न बुलडॉग्जना ७४ गुणांनी हरवलं आणि सत्तावन्न वर्षांनी अजिंक्यपद घरी आलं. करोनामुळे मेलबर्न शहर टाळेबंदीत होतं. बहुतेक चाहत्यांनी तो सामना घरात बसून पाहिला. अंतिम सामन्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला नॉर्म स्मिथ पदक देतात. ते पेट्राकाला मिळालं.

इथे गोष्ट गोड झाली असं समजून पान उलटू नका. ऑगस्ट २०२५मध्ये त्याच गुडविन यांना क्लबनं काढलं आणि त्याच वर्षअखेर पेट्राका आणि ऑलिव्हर दोघंही दुसऱ्या क्लबांत गेले. पुनर्बांधणी एकदा करून मोकळं होता येत नाही.

तेव्हा निकाल तिसऱ्या तटाच्या बाजूनं द्यावा लागतो. प्रशिक्षक ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न शेवटी विचारायचा असतो. त्याआधी विचारावं की नव्या मुलांना सांभाळायला अनुभवी खेळाडू आहेत का, प्रशिक्षकाला आरसा दाखवणारा माणूस क्लबात आहे का, आणि मंडळ पराभवाच्या दुसऱ्या दिवशीही ठरल्या वाटेनं चालतं का. तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर ड्राफ्टमधला पहिला क्रमांक हे बक्षीस नसून एका गुणी पोराला दिलेली शिक्षा असते. तुमच्या आवडत्या संघाचा प्रशिक्षक बदला अशी हाक पुढच्या वेळी द्याल, तेव्हा आधी हे तीन प्रश्न विचारा.

पुढच्या लेखांकात : क्लबांच्या पगारावर मर्यादा घालून लीग बरोबरी कशी साधते, आणि ती कशी चुकवली जाते.