नव्या श्वानजातीचे नाव आणि ज्येष्ठांचा श्वास

‘या कुत्र्याची अ‍ॅलर्जी होत नाही,’ असे आश्वासन ऐकून दम्याचा त्रास असलेल्या घरात लॅब्राडूडलचे पिल्लू आणण्याचा विचार आपण करीत असाल, तर या श्वानाची जन्मकथा आधी जाणून घ्यावी.

1980च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील अंधांसाठी मार्गदर्शक श्वान तयार करणाऱ्या संस्थेकडे हवाई बेटांवरील एका दृष्टिहीन महिलेची विनंती आली. तिच्या पतीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. संस्थेचे पैदासप्रमुख वॉली कॉनरन यांनी अनेक पूडल पारखले. परंतु मार्गदर्शनाच्या कामाला एकही उतरला नाही. अखेर त्यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्ले झाली. त्यांच्या केसांचे व लाळेचे नमुने त्या पतीकडे पाठविले गेले, तेव्हा त्यांतील एकाच पिल्लाचा त्यांना त्रास झाला नाही. एकाच वेताच्या भावंडांत इतका फरक होता, हे आपण विसरू नये.

संकरित पिल्लांना घर मिळेना, म्हणून कॉनरन यांनी ‘लॅब्राडूडल’ हे नाव योजिले आणि मागणी झपाट्याने वाढली. पुढे बेफिकीर पैदास पाहून त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला.

नाव मिळाले म्हणजे जात सिद्ध होत नाही. संकराच्या पहिल्या पिढीतील पिल्ले एकमेकांची जोडीदार झाली, की पुढच्या पिढीत केस, आकार व स्वभाव पुन्हा विखुरतात. अधिकृत मान्यतेसाठी अनेक पिढ्यांची वंशावळ, गुणांचे सातत्य, आरोग्याच्या नोंदी आणि निकटच्या नात्यात जोड्या लावाव्या लागणार नाहीत इतकी कुळे आवश्यक असतात. जर्मनीत 1960मध्ये वुल्फस्पिट्झ व चाऊ-चाऊ यांच्या संकरातून सुरू झालेल्या प्रयत्नाला नंतर सामोयेडची जोड मिळाली आणि 1973मध्ये ‘युरेझियर’ ही जात मान्य झाली. लॅब्राडूडलला मात्र आंतरराष्ट्रीय श्वानसंघाची मान्यता अद्याप नाही.

आरोग्याच्या दृष्टीने दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. अ‍ॅलर्जी केवळ केसांमुळे होत नाही. कुत्र्याची लाळ आणि त्वचेचा कोंडा यांतील प्रथिने तिला कारणीभूत असतात. 2012मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात, ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ म्हणविल्या जाणाऱ्या जातींच्या केसांत असे प्रमुख प्रथिन इतरांहून अधिक आढळले. लॅब्राडूडलच्या घरातील जमिनीवरच्या धुळीत ते कमी होते. पण हवेतील प्रमाणात जातींनुसार फरक दिसला नाही. दुसरे असे, की खुब्याच्या सांध्याचे दोष व दृष्टिपटलाचा ऱ्हास हे विकार लॅब्राडॉर आणि पूडल या दोहोंतही आढळतात. केवळ संकराने ते टळत नाहीत.

म्हणून निर्णयापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्या कुत्र्याला घरी आणायचे, त्याच्याच सहवासात वेगवेगळ्या दिवशी काही तास घालवून पाहावेत. पिल्लाच्या आईवडिलांच्या खुब्याच्या व डोळ्यांच्या तपासणीचे अहवाल मागावेत. मोठा कुत्रा साखळी ओढतो, तेव्हा वृद्ध व्यक्तीचा तोल जाऊ शकतो. दाट कुरळे केस नित्य विंचरावे लागतात. हे काम पुढील दहा-बारा वर्षे कोण करणार, हेही आधीच ठरवावे. शांत स्वभावाचा प्रौढ कुत्रा, मग तो कोणत्याही जातीचा असो, अनेक ज्येष्ठांना अधिक मानवतो.

सोबतीची ओढ स्वाभाविक आहे. ती नावावर न सोपविता समोरच्या प्राण्याकडे आणि स्वतःच्या श्वासाकडे पाहून निर्णय घेतला, तर दोघांचेही आयुष्य सुखाचे होईल.