पोर हट्टाला पेटते तेव्हा

दिवसभर खुरपणीला गेलेली आई दिवेलागणीला घरी येते. वैरणपाणी, धार, चूल सगळे एकदमच अंगावर येते. नेमके त्याच वेळी तीन वर्षांचे पोर पदराला झोंबते. मनासारखे झाले नाही की जमिनीवर लोळण घेते, हातपाय झाडते, जवळ येईल त्याला चावते. मग पाठीत धपाटा बसतो. आजी म्हणते, "अगदी बापावर गेलंय." आणि पोर रडून रडून उपाशीच झोपी जाते. तुमच्या घरी नसेल, तर शेजारच्या घरी हे चालू असतेच.

आता जरा पोराच्या बाजूने पाहा. दुपारी खाल्लेले केव्हाच जिरले आहे. आई दिवसभर दिसली नाही, आणि आली ती चुलीकडे वळली. भूक लागली आहे, डोळ्यांवर झोप आहे, आईची ओढ आहे आणि हे सांगायला पुरेसे शब्द नाहीत. रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग या वयात फार कच्चा असतो. तो पुरता पिकायला विशी उलटावी लागते. नव्या खोंडाला आपण पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. पोराकडून मात्र मोठ्या माणसाचा धीर मागतो.

म्हणून पहिला उपाय असा करून पाहा. घरी आल्यावर हातपाय धुऊन आधी दहा मिनिटे पोराला मांडीवर घ्या, दूधभाकरीचा काला भरवा, मग चूल पेटवा. ही दहा मिनिटे सुनेला मिळवून देणे हे घरातल्या बाकीच्यांचे काम आहे, हे सासूबाईंनी आणि घरधन्यानेही ध्यानात घ्यावे. धारेला तो बसला तर काही बिघडत नाही.

नंतर पोराच्या हाताला काम द्या. कोथिंबीर निवडू दे, कोंबड्यांना दाणे टाकू दे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला मॉन्टेसोरी पद्धतीची बालशाळा चालवली, तीत मारालाही जागा नव्हती आणि बक्षिसाच्या लालचीलाही. हाताला आवडीचे काम मिळाले की मूल त्यात रमते, हाच तिचा पाया. पुढे १९४५ साली ताराबाईंनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला हेच शिक्षण खेड्यातल्या मुलांपर्यंत नेले.

आठवडे बाजारातला हट्ट मात्र निराळा असतो. तिथे पोर फुग्यासाठी लोळते, चार माणसे बघतात, आपल्याला लाज वाटते आणि फुगा घेतला जातो. लोळले की फुगा मिळतो, एवढे पोराच्या पक्के ध्यानात राहते. तीनदा नाही म्हणून चौथ्यांदा दिलेत तर आणखी वाईट; चिकाटीने लोळावे लागते हे ते शिकते. तेव्हा द्यायचे असेल तर रडण्याआधी द्या, नाही म्हटले तर नाहीच. जवळ बसा, लागणार नाही एवढे बघा, पण वाद घालू नका. पहिले काही दिवस रडणे वाढेल. तिथेच बहुतेक आईबाप कच खातात! ते शांत झाले की लगेच जवळ घ्या. आईने नाही म्हटलेले आजीने कनवटीच्या पैशातून दिले, तर हे सारे पाण्यात जाते.

'नाही' हा शब्दही जपून वापरावा. विहीर, फवारणीचे औषध, कडबाकुट्टी, विस्तव इथे तो ठामपणे हवा. उठता बसता प्रत्येक गोष्टीला नाही म्हटले की त्याची धार जाते. बागुलबुवाची आणि सुईवाल्या डॉक्टरची भीती तर घालूच नये. लस टोचायच्या दिवशी ती आपल्यालाच महागात पडते. मार खाल्लेले पोर गप्प बसते खरे, पण धाकट्या भावंडाला तसाच धपाटा घालते. मोबाईल हातात दिला तरी ते गप्प बसते, आणि तो काढून घेतला की दुप्पट रडते. दोन वर्षांखालच्या मुलाला तो देऊच नये, असे बालरोगतज्ज्ञांचे सांगणे आहे.

काही वेळा हट्टाआड आजार असतो. पोर सदा किरकिरते, माती किंवा भिंतीचा पोपडा खाते, तर अंगात रक्त कमी आहे का, पोटात जंत आहेत का, हे तपासून घ्या. रडता रडता श्वास कोंडून निळे पडणाऱ्या मुलांतही पुष्कळदा लोह कमी असते. अशा वेळी त्याला गदागदा हलवू नका, तोंडात पाणी घालू नका. कुशीवर निजवा, आणि असे पहिल्यांदाच झाले असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

आणि "हे ऐकतच नाही" अशी तक्रार असेल, तर खरोखर ऐकू येते ना, हेही पाहा. कान वाहणारे, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडून न बोलणारे, हाक मारली तरी वळून न बघणारे पोर हट्टी म्हणून मार खात असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुले तपासायला डॉक्टरांचे पथक येते. सरकारची ही योजना २०१३ पासून आहे आणि तपासणीला पैसे पडत नाहीत. पथक कधी येणार ते अंगणवाडीच्या बाईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी खुरपणीचा अर्धा दिवस बुडाला तरी पोराला घेऊन स्वतः जा.